उसन्या ओट्यावरचे दुकान

ठरावीक पगारावर चालणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा उद्योग शिरला आहे. कोणाची पत्नी मेतकूट, भाजणी आणि चटण्या करून विकते. कोणाची बहीण साड्यांवर भरतकाम करते. कोणी निवृत्त शिक्षक गणिताच्या शिकवण्या घेतात. महाविद्यालयात जाणारा मुलगा दिवाळीसाठी पणत्या रंगवितो. मालात खोट काढावी असे काही नसते. अडचण एकच असते : हे सारे आपल्यापाशी आहे हे लोकांना कळवायचे कसे? वर्तमानपत्रातील जाहिरात परवडत नाही. बाजारपेठेतील गाळा तर स्वप्नातही परवडत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगते, 'एवढी चिंता कशाला? समाजमाध्यमांवर एक पान उघडा. तेथे पैसे पडत नाहीत. माणसे आपोआप जमतात.'

या सल्ल्यातील 'पैसे पडत नाहीत' हे अर्धसत्य आहे आणि 'आपोआप' हा शब्द निखालस खोटा आहे. तरीही सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. जाहिरातीवर एक रुपयाही न खर्चता हजारो माणसांपर्यंत पोचण्याची सोय याआधी लहान उत्पादकाला कधीच उपलब्ध नव्हती. ज्यांच्यापाशी भांडवल नाही पण कसब आहे, अशांना या सोयीने दार उघडून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, हे दार कोणाच्या मालकीचे आहे आणि ते किती काळ उघडे राहणार याचा विचार किती जण करतात? बाजाराच्या दिवशी एखाद्या सज्जनाने आपल्या घराच्या ओट्यावर बसून माल विकण्याची मुभा दिली, तर ती घ्यावी. पण ओटा आपला झाला अशा समजुतीने संसार थाटू नये. समाजमाध्यमांवरील फुकटच्या प्रेक्षकवर्गाची गोष्ट नेमकी हीच आहे.

नांगर आणि नियतकालिक

गिऱ्हाइकाला माल न दाखविता आधी त्याचे लक्ष मिळवावे, त्याचा विश्वास संपादन करावा आणि मग धंदा वाढवावा, ही कल्पना संगणकाच्या युगात जन्माला आली असा अनेकांचा समज आहे. मराठी माणसाने तरी तो बाळगू नये. कारण या कल्पनेचा एक ठळक प्रयोग महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला, किर्लोस्करवाडी वसली. पण नांगर घडविण्याइतकेच तो खपविणेही कठीण होते. शेतकरी दूरदूरच्या गावांत विखुरलेला. त्याच्यापर्यंत पोचायचे कसे?

या प्रश्नातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. स्वतः चित्रकार असलेल्या शंकररावांकडे कारखान्याच्या जाहिरातीचे काम होते. आरंभी हे कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता देणारे लहानसे पत्रक होते. पण निव्वळ नांगराची स्तुती महिन्यामागून महिने कोणी वाचत नाही, हे शंकररावांनी ओळखले. वाचकाच्या उपयोगाचे, त्याच्या जिज्ञासेचे, त्याच्या मनात उमेद जागवणारे साहित्य त्यात येऊ लागले. पत्रकाचे मासिक झाले. पुढे 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. नांगराच्या खपासाठी सुरू झालेल्या उपक्रमाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांच्या वाचनाला वळण लावले आणि त्यांच्या मनात कारखान्याचे नावही पक्के कोरले.

या प्रयोगातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, वाचक नांगरासाठी आला नव्हता. आपल्याला काही मिळते म्हणून आला होता. दुसरी गोष्ट आजच्या संदर्भात अधिक महत्त्वाची आहे. वर्गणीदारांची नावे आणि पत्ते किर्लोस्करवाडीच्या दप्तरात होते. अंक टपालाने जात असे आणि टपालखाते त्याचे पैसे घेत असे. परंतु कोणत्या वर्गणीदाराला अंक द्यावा आणि कोणाचा मागे ठेवावा, याचा निर्णय पोस्टमास्तर करीत नसे. लावलेल्या तिकिटाच्या मोबदल्यात अंक पत्त्यावर पोचविणे एवढेच त्याचे काम होते. समाजमाध्यम हा असा पोस्टमास्तर आहे, की जो तिकिटाचे पैसे मागत नाही. पण पत्र कोणाला द्यायचे ते स्वतःच ठरवितो.

फुकटातील मेख

फेसबुक २००४ साली सुरू झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने व्यावसायिकांसाठी स्वतंत्र 'पाने' उघडून दिली आणि त्याच वेळी आपली जाहिरातव्यवस्थाही जाहीर केली. या दोन गोष्टींचा जन्म एकाच वेळी झाला, हे तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. जगभरच्या लहानमोठ्या व्यावसायिकांनी पाने उघडली. आपल्या दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, पिशवीवर 'आम्हांला फेसबुकवर भेटा' असे छापले. आपले गिऱ्हाईक आपण होऊन दुसऱ्याच्या अंगणात नेऊन सोडले आणि त्यासाठी छपाईचा खर्चही स्वतःच केला.

आरंभी हा सौदा लाभाचाच वाटला. मग पाने वाढली, पोस्ट वाढल्या आणि एकेका वाचकाच्या वाट्याला येणारी जागा आकसत गेली. २०१२ साली फेसबुकनेच सांगितले, की सरासरी पानाचा मजकूर त्याच्या सुमारे १६ टक्के अनुयायांपर्यंत पोचतो. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेने शंभराहून अधिक व्यावसायिक पानांची पाहणी केली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये हे प्रमाण १२ टक्के आणि अवघ्या चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ६ टक्के आढळले. पाच लाखांहून अधिक अनुयायी असलेल्या पानांच्या वाट्याला तर २ टक्केच उरले होते. म्हणजे शंभर माणसांनी 'तुमची वार्ता आम्हांला कळवा' असे सांगावे आणि ती दोघांच्या कानी पडावी, असा हा व्यवहार होता.

जून २०१४ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने यामागची कारणे जाहीरपणे मांडली. एखादी व्यक्ती फेसबुक उघडते तेव्हा तिला दाखविण्याजोगा सरासरी दीड हजार गोष्टींचा मजकूर तयार असतो; त्यांतून निवडून सुमारे तीनशेच पुढे ठेवल्या जातात, असे त्याचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते, की माहितीची सुबत्ता झाली म्हणजे लक्षाची टंचाई होते. दीड हजार पोस्ट कोणीच वाचू शकत नाही. निवड अपरिहार्य आहे. पण निवड करणारा तटस्थ नाही, ही यातील मेख आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यांपैकी १६० अब्जांहून अधिक केवळ जाहिरातींचे होते. ज्याचा संसार जागा विकण्यावर चालतो, तो जागा सदासर्वकाळ फुकट वाटत राहील ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. कंपनी लबाड आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ती व्यापारी आहे एवढे म्हटले तरी पुरे.

नांगराच्या उलट टोकाची गोष्ट

या व्यवहाराचा शेवट कसा होऊ शकतो हे सांगणारी एक अमेरिकन हकिगत किर्लोस्करांच्या प्रयोगाशी ताडून पाहण्यासारखी आहे. 'पेटफ्लो' नावाची कंपनी कुत्र्या-मांजरांचे खाद्य घरपोच पोचविण्याचा व्यवसाय करीत असे. गिऱ्हाइके मिळावीत म्हणून तिने पाळीव प्राण्यांच्या मनोरंजक गोष्टी फेसबुकवर देण्यास सुरुवात केली. त्या इतक्या लोकप्रिय झाल्या, की मूळ व्यवसायापेक्षा हा जोडधंदाच मोठा दिसू लागला. २०१४ साली त्यातून 'लिटलथिंग्ज' हे स्वतंत्र संकेतस्थळ निघाले. त्याचा मुख्य वाचकवर्ग स्त्रियांचा होता. फेसबुकवर त्याला एक कोटीहून अधिक अनुयायी मिळाले. नांगराच्या पत्रकातून मासिक निघाले, तसे प्राण्यांच्या खाद्यातून हे संकेतस्थळ निघाले.

साम्य येथे संपते. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले, की यापुढे वाचकांसमोर व्यावसायिकांच्या आणि प्रकाशकांच्या मजकुरापेक्षा मित्रांचा व आप्तांचा मजकूर अधिक ठेवला जाईल. निर्णय वाचकांच्या हिताचा होता असे कंपनीचे म्हणणे होते आणि कदाचित तसे असेलही. परंतु 'लिटलथिंग्ज'कडे फुकट येणारी सुमारे तीन-चतुर्थांश वर्दळ त्यामुळे नाहीशी झाली, असे त्याच्या प्रमुखाने सांगितले. फेब्रुवारी संपण्यापूर्वीच ते बंद झाले. लिखाण तेच होते, लिहिणारे तेच होते, वाचकांची आवडही एका महिन्यात पालटली नव्हती. पालटले होते ते निवडीचे सूत्र. एक कोटी अनुयायी असलेल्या संस्थेपाशी त्यांच्यापर्यंत पोचण्याची दुसरी पुरेशी वाट नव्हती.

निवडीचे सूत्र

हे सूत्र चालते तरी कसे? त्याला 'अल्गोरिदम' असे नाव आहे आणि त्याच्याभोवती बरेच गूढ निर्माण करण्यात आले आहे. 'अमुक वाजता पोस्ट टाका', 'अमुक शब्द वापरा', 'सात दिवसांत दहा हजार अनुयायी' असे मंत्र देणाऱ्या मांत्रिकांचा वेगळाच बाजार भरला आहे. मुळात प्रकार इतका गहन नाही. २०१६ पर्यंत इन्स्टाग्रामवर नवीन ते वर आणि जुने ते खाली असा साधा क्रम होता. त्या वर्षी तो मोडून आवडीनुसार निवड सुरू झाली. ही निवड कशी होते याचे स्थूल विवरण इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनीच २०२१ मध्ये केले. चित्र किंवा चलच्चित्र कोणाचे आहे, ते किती ताजे आहे, पाहणाऱ्याने पूर्वी त्याच व्यक्तीच्या मजकुराला किती प्रतिसाद दिला आहे, तो ते किती वेळ पाहण्याची शक्यता आहे, त्यावर काही लिहील का, ते जपून ठेवील का, दुसऱ्याला पाठवील का, यांचे अंदाज यंत्र बांधते आणि त्यानुसार क्रम लावते.

याचा व्यावहारिक अर्थ काय? माणसाने बोटाने ओळखीचा अंगठा किंवा बदाम उमटविणे यापेक्षा ते पाहून थांबणे, जपून ठेवणे आणि 'हे बघ गं' म्हणून बहिणीला पाठविणे याला अधिक मोल आहे. मेतकुटाच्या बरणीचे सुंदर छायाचित्र पाहून लोक पुढे सरकतात. परंतु डाळी किती खरपूस भाजाव्यात आणि पावसाळ्यात मेतकुटाला ओल लागू नये म्हणून काय करावे, हे अर्ध्या मिनिटात सांगितले तर ते जपून ठेवतात. पहिली पोस्ट विक्रेत्याच्या गरजेची आहे, दुसरी पाहणाऱ्याच्या. किर्लोस्करवाडीत जे शहाणपण अनुभवाने आले, तेच यंत्राने आपल्या पद्धतीने मोजले आहे. जो देतो त्याच्याकडे लोक थांबतात. जो सतत मागतो त्याला टाळतात. हा नियम बाजाराइतकाच जुना आहे.

पण येथेच 'फुकट' या शब्दाचा हिशेब मांडायला हवा. अर्ध्या मिनिटाच्या चलच्चित्रामागे तयारी, चित्रण, काटछाट आणि लेखन यांचे दोन-तीन तास सहज जातात. आलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्यात रात्रीचा तास जातो. चार दिवस काही टाकले नाही तर लोक विसरतील ही धास्ती वेगळीच. जाहिरातीचा खर्च वहीत लिहिला जातो. हे तास कोठेच लिहिले जात नाहीत, कारण ते बहुधा घरातील स्त्रीचे असतात आणि तिच्या श्रमाची नोंद ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. महिनाअखेरीस नफा काढताना हे तास खर्चाच्या बाजूस मांडले, तर अनेकांचे 'फुकट' किती महाग पडले ते कळेल. मांडल्यानंतरही व्यवहार लाभाचा ठरला, तर तो अवश्य करावा. पण डोळे मिटून करू नये.

संख्येची भूल

श्रम टाळण्याची इच्छा आणि संख्येचा मोह यांतून पुढचा घोटाळा उद्भवतो. अनुयायी विकत मिळतात. खोट्या नावांची हजारो खाती थोडक्या पैशांत पाठीशी उभी करता येतात. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती काढून टाकली, तेव्हा नामवंतांचेही लाखो अनुयायी एका दिवसात नाहीसे झाले. लहान दुकानदाराच्या दृष्टीने अशा खरेदीचा तोटा दुहेरी आहे. खोटी खाती मेतकूट विकत घेत नाहीत, हे तर उघडच आहे. शिवाय दहा हजारांपैकी नऊ हजार कधीच प्रतिसाद देत नाहीत असे यंत्राला दिसले, म्हणजे या मजकुरात कोणाला रस नाही असा निष्कर्ष काढून ते खऱ्या हजारांपर्यंतही तो पोचविण्यास टाळाटाळ करते.

दुसरा मार्ग लोकप्रिय व्यक्तींकडून शिफारस मिळविण्याचा. त्यात गैर काही नाही. पण शिफारशीचा मोबदला दिला असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, भेटवस्तू, फुकटचा प्रवास अशा कोणत्याही लाभाची वाच्यता शिफारस करणाऱ्याने करावी, असा त्यांचा आशय आहे. शेजारणीने 'यांची भाजणी चांगली असते' असे सांगणे आणि पैसे घेऊन तेच सांगणे, यांतील फरक गिऱ्हाइकाला कळण्याचा हक्क आहे.

ओटा गेला तर

मालकाने ओटा आखूड केला तर काय होते ते वर पाहिले. पण कधी कधी ओटाच जातो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न वेगळा. त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु ज्यांनी त्या माध्यमावर वर्ष-दोन वर्षे खपून लाखांचा प्रेक्षकवर्ग मिळविला होता, ते एका रात्रीत शून्यावर आले. त्यांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कलावंत होते, तसे लहान विक्रेतेही होते. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने तशाच आखूड चलच्चित्रांची सोय भारतात सुरू केली. मंडळींनी बिऱ्हाड हलविले. पण बिऱ्हाडाबरोबर माणसे येत नाहीत. त्यांना पुन्हा एकेक करून जमवावे लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा तीन वेगळ्या ओट्यांवर दुकान मांडले आहे असे समजणाऱ्यांना तिन्हींचा मालक एकच आहे याची आठवण झाली.

माझ्या परिचयाच्या एका कारकुनाच्या घरी घडलेला प्रसंग यापेक्षा पुष्कळ लहान, पण तितकाच बोलका आहे. त्यांच्या पत्नीने तीन वर्षांच्या परिश्रमाने फराळाच्या पदार्थांसाठी एका माध्यमावर नऊ हजारांवर अनुयायी मिळविले होते. दिवाळीला बारा दिवस उरले असता सकाळी खाते उघडेना. नियमभंगामुळे ते स्थगित करण्यात आले आहे, एवढेच उत्तर मिळत होते. कोणता नियम, कोणती पोस्ट, याचा उल्लेख नव्हता. मागण्या साऱ्या त्याच खात्यावरील संदेशांतून येत असल्यामुळे गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन क्रमांक आणि कोणी किती चकल्या सांगितल्या आहेत याचा तपशीलही त्यातच अडकला. घरात बेसनाची पोती आणि तुपाचे डबे येऊन पडलेले. अखेर सासूबाईंनी कपाटातून एक जुनी वही काढली. पूर्वी त्या पापड करून देत, तेव्हाची. तीत वसाहतीतील आणि आसपासच्या दीडशे-पावणेदोनशे घरांची नावे व क्रमांक होते. दोन दिवस सासूसुनांनी फोन केले. दिवाळी निभावली. खाते पुढे दीड महिन्याने, जसे काही कारण न सांगता बंद झाले तसेच काही कारण न सांगता सुरू झाले. आता त्या घरात प्रत्येक मागणीबरोबर नाव, क्रमांक आणि पत्ता वहीत लिहिल्याशिवाय कढई चुलीवर चढत नाही.

घरची नोंदवही

या प्रसंगातच उपाय दडलेला आहे. समाजमाध्यम सोडून द्यावे असा सल्ला कोणी देऊ लागला तर तो ऐकू नये. अनोळखी माणसाची पहिली भेट होण्यासाठी आज त्याच्याइतकी स्वस्त जागा नाही. पण पहिली भेट ओट्यावर झाली, तरी दुसरी घरात झाली पाहिजे. ज्याने एकदा माल घेतला त्याचा क्रमांक त्याच्या संमतीने आपल्यापाशी असावा. ज्याला नवीन मालाची वार्ता हवी आहे त्याला ती थेट कळवावी. संमतीचा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे आणि दुसऱ्याची माहिती जपणे ही आता जबाबदारी मानली जाते. शिवाय न मागता आलेला संदेश कोणालाच आवडत नाही. व्हॉट्सअॅपवर एकाच वेळी अनेकांना पाठविलेला प्रसारसंदेश, ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यालाच पोचतो. ही अट पुष्कळांना जाचक वाटते. वस्तुतः ती उत्तम कसोटी आहे : किती माणसांना आपले नाव जपून ठेवावेसे वाटले, हा आकडा अनुयायांच्या आकड्यापेक्षा कितीतरी खरा असतो.

कोकणातील आंबा बागायतदारांनी २०२० च्या टाळेबंदीत हे अनुभवले. बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले, वाहतूक अडली, झाडावर फळ तयार. त्या वेळी अनेकांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला, फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर नोंदणी घेतली आणि पेट्या दारापर्यंत पोचविल्या. ज्यांच्यापाशी जुन्या गिऱ्हाइकांचे क्रमांक होते त्यांची सुरुवात सोपी झाली. माध्यम तेथेही परक्याचेच होते. पण यादी स्वतःची होती. उद्या माध्यम बदलले तरी यादी दुसऱ्या वाटेने चालविता येते. ओटा आणि नोंदवही यांतील फरक तो हाच.

कायद्याची बाजू

व्यक्तीने सावध राहावे हे ठीक. पण सारा भार तिच्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. लाखो कुटुंबांची मिळकत ज्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, तिने कारण न सांगता कोणाचे दुकान बंद करावे, हे खाजगी मालकीच्या नावाखाली चालू देता कामा नये. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या डिजिटल सेवा कायद्याने खाते किंवा मजकूर रोखताना कारण देणे बंधनकारक केले आहे, तसेच अतिविशाल माध्यमांना व्यक्तीच्या सवयींवर न बेतलेला निवडक्रम उपलब्ध करून देण्यास भाग पाडले आहे. आपल्याकडेही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांनी प्रत्येक मोठ्या माध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावयास लावले. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास दाद मागता यावी म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये अपील समित्याही स्थापन केल्या. त्या कारकुनाच्या घरी यांपैकी एकही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. कचेरीत रोज इतरांचे अर्ज पुढे सरकविणाऱ्या गृहस्थाला स्वतःच्या घरासाठी अर्ज कोठे करायचा हे माहीत नसावे, यात त्याचा दोष नाही. हक्क कागदावर असणे आणि तो माणसाच्या हाती पडणे यांतील अंतर आपल्याकडे नेहमीच फार असते. ते कमी करण्याचे काम ग्राहक संघटना, महाविद्यालये आणि वृत्तपत्रे यांनी अंगावर घ्यावयास हवे.

शाळा-महाविद्यालयांतून जाहिरातशास्त्र आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या तरुणांनाही एक सांगावेसे वाटते. अनेक जण आज दुकानदारांची पाने सांभाळण्याचे काम शिक्षणाबरोबर करतात. त्यांच्या कामाचे मोजमाप अनुयायांच्या आकड्याने होते आणि म्हणून ते आकड्याच्या मागे लागतात. त्यांनी दुकानदारापुढे महिन्याला आणखी दोन आकडे ठेवावेत : किती माणसे परत आली आणि किती जणांचा पत्ता आपल्या वहीत आहे. पहिला आकडा मालाची प्रत सांगेल, दुसरा धंद्याचे आयुष्य सांगेल.

किर्लोस्करवाडीहून निघालेला अंक ज्या माणसाच्या हाती पडे, त्याचे नाव कारखान्याला ठाऊक असे आणि आपल्यासाठी काही आले आहे हे त्या माणसाला ठाऊक असे. व्यापारातील सारा विश्वास या परस्पर ओळखीवर उभा असतो. यंत्रे बदलतात, माध्यमे बदलतात, ओट्याचे मालकही बदलतात. गिऱ्हाईक आपल्याला नावाने ओळखते का आणि आपण त्याला नावाने ओळखतो का, हा प्रश्न मात्र बदलत नाही. त्याचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी ओट्यावर खुशाल बसावे.